डोराबाईचं वकीलपत्र

वन्सं,

डोराबाईच्या बाबतीत आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही आणि आता होणारही नाही. तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुमची खाट मुलांनी उचलून माडीवर नेली. तिच्या पायांचे डाग फरशीवर राहिलेत. मी पुसून पाहिले, निघत नाहीत.

हे तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार दुसरेच आहेत. दूरदेशीच्या नातवंडांनी फोनवर विचारलं, "आजी, गोदाआजी तुझ्या नेमक्या कोण?" नणंद म्हटलं तर कळेना. आजोबांची धाकटी बहीण म्हटल्यावर कळलं. मग म्हणाली, "पण तू इतकी का रडतेस?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते, आणि त्यांच्यासाठी मधे मधे तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगत जाईन. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वैनी, तुमचं सगळं डब्यावर चिठ्ठी लावल्यासारखं."

जिंतूरचं ते घर नातवंडांनी पाहिलेलं नाही. रस्त्याच्या अंगाला बैठक. तिथे तुमचे दादा, म्हणजे माझे यजमान, पक्षकारांना भेटत. बैठकीच्या मागच्या दाराला जाड निळा पडदा, आणि पडद्याच्या आत आपण. माजघर, स्वयंपाकघर, मागचं अंगण, अंगणात आड. त्या आडाचं गल्लीला फार कौतुक. वकिलाच्या घरच्या बायकांना पाण्यालासुद्धा बाहेर पडावं लागत नाही, असं लोक म्हणत. गल्लीतल्या बाकीच्या बायका घागरी घेऊन निघायच्या, वाटेत थांबायच्या, खिदळायच्या, भांडायच्या. आपण दोघी भिंतीच्या आतून ते ऐकायचो आणि आपल्या आडाचं पाणी शेंदायचो.

पुढच्या दाराला दोन कड्या होत्या. दुसरी रझाकारांच्या धामधुमीत बसवलेली. धामधूम मिटली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचा झेंडा बदलला, ती कडी मात्र राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, आता हिचं काय काम? तुम्ही म्हणालात, "तिला सवय झाली."

मी हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकलेली, वर दोन वर्षं कॉलेज केलेलं. तुम्ही सतराव्या वर्षी कपाळ पुसून भावाकडे परत आलेल्या. पडद्याच्या आत त्याने काही फरक पडत नव्हता.

अडकलेले तर दादाही होते, हे मला उशिरा कळलं. त्यांची सगळी वकिली उर्दूतली. ते जिरह, म्हणजे उलटतपासणी, करायला उभे राहिले की न्यायासनावरचे मुन्सिफसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसायचे, असं लोक सांगत. मग बघता बघता कायदे, परिपत्रकं, वरच्या कोर्टाचे निकाल इंग्रजीत येऊ लागले. भर उमेदीत माणूस अडाणी झाला. ते घरी येऊन कागद माझ्यापुढे टाकायचे आणि पाठ करून बसायचे. मी वाचून अर्थ सांगायची. बायकोच्या तोंडून ऐकावं लागतं याचा त्यांना किती त्रास व्हायचा, ते त्या पाठीवरून कळायचं.

"कान तयार व्हायला पाहिजे," म्हणून त्यांनी रेडिओ आणला. वीज तेव्हा आली नव्हती. विटेएवढी बॅटरी लागायची, ती परभणीहून मागवावी लागे. म्हणून बटणाला हात फक्त त्यांचा.

आठवड्यातून एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, सातासमुद्रापलीकडच्या एका स्टेशनवर खुनाचं नाटक लागायचं. त्यांना बातम्यांपेक्षा ते बरं वाटलं, कारण त्यातला गुप्तहेर एकेकाची जिरह घ्यायचा. मी शेजारच्या स्टुलावर बसून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगायची. बैठकीत बसायची मला तेवढीच मुभा. तुम्हाला तेवढीही नव्हती, तुम्ही पडद्यामागे. मी मुद्दाम आवाज चढवायची. दादा एकदा म्हणाले, "मी बहिरा नाही." वाजवायला तुमच्या हातात बांगड्या नव्हत्या. म्हणून समजलं की तुम्ही पळी एकदा जमिनीवर टेकवायचात, आणि नाही समजलं, किंवा पटलं नाही, तर दोनदा.

नाटक असं होतं. डोंगरात एक मोठं घर, बाहेर बर्फ. घरात एक श्रीमंत म्हातारी, तिचे दोन पुतणे, एकाची बायको, डॉक्टर, वकील, आचारी आणि डोरा. डोरा म्हातारीची लांबची नात्यातली. नवरा नाही, घर नाही. म्हातारीला वाचून दाखवायचं, शाल आणून द्यायची आणि तिथेच खायचं-राहायचं. एका रात्री जेवणातल्या कढणातून सगळ्यांच्या पोटात विष गेलं. बाकीचे तळमळून वाचले, म्हातारी गेली. डोरा मात्र धडधाकट, कारण त्या रात्री ती जेवलीच नव्हती.

संशयित सात आणि आपल्या मसाल्याच्या डब्यात वाट्याही सात. दुसऱ्या दिवशी फोडणी देता देता तुम्ही एकेका वाटीला एकेकाचं नाव दिलंत. आचारी तिखट, डॉक्टर हिंग. वकिलाला हळद, "सगळीकडं असती आन् डाग पाडती." हे दादांना कधी कळलं नाही. डोरा म्हणजे मेथी. तिची तुम्ही डोराबाई केलीत आणि त्या दिवसापासून ती आपल्याच घरी राहायला आली.

पुढच्या भागात गुप्तहेराने सगळ्यांना गोळा करून बजावलं, खुनी सापडेपर्यंत या घरातून कुणीही बाहेर पडायचं नाही. मी ते सांगितलं. पडद्यामागे पळी वाजली नाही, एकदाही नाही आणि दोनदाही नाही.

दुसऱ्या दिवशी आडापाशी तुम्ही म्हणालात, "वैनी, त्यांच्यावर खुनाचा वहीम हाय म्हणून त्यांना कोंडलंय. आपण कुणाला मारलंय ओ?"

मी हसले. तुम्ही नाही हसलात. पोहरा आत सोडलात आणि तो पाण्याला लागेपर्यंत वाकून बघत राहिलात.

त्याच दिवसांत तुमचं परभणीचं चाललं होतं. नव्या राज्यात गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि मुलींना शिकवायला बायका मिळत नव्हत्या. दुपारी डाळ-तांदूळ निवडता निवडता मी तुम्हाला शिकवलं होतं, तुम्ही घरी बसून सातवी पास झाला होतात. परभणीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळत होती. हवी होती फक्त भावाची इजाजत. तुम्ही विचारलंत, दादा म्हणाले, "बघू." पुन्हा विचारलंत, पुन्हा "बघू." मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला इथं काय कमी आहे?" ट्रेनिंग तोंडावर आलं आणि दादांची तारखेवर तारीख पडत राहिली.

आपलं दुपारचं भांडण मात्र डोराबाईवरून. मी पुरावा क्रमाने मांडायची. सगळ्यांनी कढण घेतलं, तिने घेतलं नाही. त्यात विष आहे हे तिला माहीत असल्याशिवाय ती कशाला उपाशी राहील?

"एकादशी असंल तिची," तुम्ही म्हणालात.

"विलायतेत एकादशी नसते, वन्सं."

"मग सोमवार असंल."

"सोमवारही नसतो."

"तुमी बी ना, वैनी! दुसऱ्याच्या घरात राहणारी बाई रातच्याला जेवली नाही, यात काय नवल हाय? जेवली असती तर नवल."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. सासरी आल्यापासून मी रोज संध्याकाळी दोनच ताटं वाढत होते, त्यांचं आणि माझं. तुमचं एकवेळचं जेवण हा घराचा रिवाज होता, खुंटीवरच्या कंदिलासारखा. तो कुणाच्या डोळ्यात खुपत नव्हता.

शेवटून दुसरा भाग संपला तेव्हा दादांनी बटण बंद केलं आणि हात झटकले. "मामला साफ आहे. ती डोरा."

पडद्यामागे पळी दोनदा आपटली.

दादा हसले. इंग्रजी ऐकल्यावर ते सहसा हसत नसत. "काय गोदे? तिचं वकीलपत्र घेतलंस की काय?"

"घेतलं."

"मग कर बहस. होऊ दे."

तुम्ही पडद्यामागूनच बोलू लागलात. आधी आवाज थोडा कापला, मग नाही कापला. "रातच्याला न जेवणं हा गुन्हा असंल, तर दादा, ह्या घरात बी एक मुलजिम हाय. इतकी वर्षं झाली. तुमी एक दिवस तरी विचारलं का, गोदे, तू कामून जेवत नाहीस?"

"तो आपला रिवाज आहे."

"तिचा बी असंल. आन् तिला जाऊ कामून देत नाहीत?"

"तपास चालू आहे. तपास संपेपर्यंत जाऊ देता येत नाही."

"मग माझा कोणता तपास चालू हाय?"

मुन्सिफाला पुढे सरकायला लावणारा माणूस खुर्चीत मागे सरकला. मी स्टुलावर बसून माझ्या पायांकडे बघत होते. मग दादांनी वकिलाचा आवाज काढला, "ठीक. पुढच्या हप्त्याला फैसला आहे. डोरा बेकसूर निघाली तर तुला परभणीला धाडतो. निघाली मुजरिम, तर हा विषय या घरात परत निघायचा नाही. कबूल?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खात्री होती. माझ्याच पुराव्यांनी त्यांची खात्री झाली होती. मी काही म्हणायच्या आत पडद्यामागून आवाज आला, "कबूल."

तो आठवडा अजून माझ्या अंगावर येतो. तुम्ही तुमची लुगडी धुऊन, घड्या घालून पेटीत ठेवलीत. मग काढलीत. परत ठेवलीत. आपण डोराबाईचं नाव काढलं नाही. मी मनातल्या मनात पुरावे उलटेपालटे करून बघत होते, एखादा सैल निघतो का ते. सगळे घट्ट होते. मी ते नीट लावले होते ना! घर तेवढंच, भिंती तेवढ्याच, पण त्या आठवड्यात मला आडापर्यंत जातानाही दम लागायचा.

फैसल्याच्या संध्याकाळी बॅटरी बसत आली होती. आवाज मडक्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा. दादा आणि मी खोक्याला कान लावून बसलो. "या," असं मी म्हटलं नाही, दादांनीही नाही. पडदा हलला आणि तुम्ही उंबरा ओलांडून आत आलात. पक्षकारांच्या सतरंजीच्या कडेला, हात पदरात गुंडाळून उभ्या राहिलात. दादांनी बघितलं आणि मान पुन्हा रेडिओकडे वळवली.

गुप्तहेर एकेकाला मोकळं करत गेला. मी सांगत गेले. आचारी सुटला. पुतणे सुटले, सून सुटली, वकील सुटला. मग त्याने डॉक्टरचं नाव घेतलं, त्याच्याभोवती फिरून फिरून बोलला, आणि थांबला. मग एक बाई रडायला लागली.

ती बोलत होती रडत रडत, आणि मला शब्द न् शब्द कळत होता. तिनेच केलं होतं. तिला तिथून जायचं होतं आणि म्हातारी तिला जाऊ देत नव्हती, एवढंच कारण. मी ते ऐकलं, मराठीत जुळवलं आणि तोंड उघडलं. आजवर मी कुणाला चुकीचा अर्थ सांगितला नव्हता. मला ते जमतच नाही.

दादांनी हात लांब केला आणि बटण फिरवलं.

"बॅटरी संपली," ते म्हणाले. मग म्हणाले, "कळलं मला. ती नव्हती."

त्यांनी आजवर एका वाक्याचाही अर्थ माझ्याआधी सांगितला नव्हता.

"मग कोण?" तुम्ही विचारलंत.

"डॉक्टर," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"हिंग?"

"काय?"

"काही नाही."

ते उठले, पडद्यापर्यंत गेले आणि पाठ करूनच म्हणाले, "गोदे, आज जेवून घे. सकाळची गाडी लवकर असते." आणि मला, "हिचंही ताट कर."

मी तीन ताटं वाढली. पिठलं-भाकरी होती. तुम्ही पहिला घास बराच वेळ तोंडात धरून बसलात. मग म्हणालात, "वैनी, मीठ कमी हाय जरासं." मीठ कमी नव्हतं, वन्सं. मी तरी उठून मीठ आणलं. उठायला मलाही काहीतरी निमित्त हवं होतं.

सकाळी दोन्ही कड्या दादांनी स्वतः काढल्या. पेटी त्यांनीच उचलली. गाडी सुटल्याचा आवाज मी आडापाशी उभी राहून ऐकला. नंतर आतून दोन्ही कड्या लावून घेतल्या. पोहरा ओढायला आता मी एकटी होते. तो रागही मी पुष्कळ वर्षं तुमच्यावर काढला. दिवाळीला आलात की तुमच्या चपलांची धूळ, तुमचं मोठ्याने बोलणं, सगळं मला खुपायचं. तुम्ही ते ओळखून माझ्या मुलींच्या वेण्या घालत बसायचात. पुढे त्या मुलींच्या शाळेचा प्रश्न निघाला तेव्हा दादांपुढे बहस करायला तुम्हीच उभ्या राहिलात, या वेळी बैठकीत खुर्चीवर बसून. दुसरी कडी त्याच वर्षी निघाली.

दादांना मी कधीच विचारलं नाही. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं, आवाज क्षीण होता, डॉक्टरचं नाव शेवटी आलं होतं. त्यांना खरंच तसं ऐकू आलं असेल. नसेलही. ते जाऊनही आता किती वर्षं झाली. विचारलं असतं तर दोनच उत्तरं होती, आणि दोन्हींपैकी कुठलंही मला घरात ठेवायला जागा नव्हती.

तुम्ही झरीच्या शाळेत जन्म काढलात आणि निवृत्त झाल्यावर, आम्ही जिंतूर सोडून आलो होतो त्या परभणीला, माझ्याजवळ राहायला आलात. रोज दुपारच्या चहाला तुमचं सुरू व्हायचं. "वैनी, तुमी तर गरिबाच्या पोरीला फासावर चढवायला निघाल्या व्हत्या. बरं झालं, दादाला इंग्रजी येत व्हतं." मी बशीत चहा ओतायची आणि गप्प बसायची. "बोला की! एकादशी व्हती का नव्हती तिची?" मी गप्प. माझ्या तोंडात पूर्ण कबुलीजबाब, शब्द न् शब्द, आणि मी चहा पीत बसलेली. दवाखान्यात नाकाला नळी होती तेव्हाही तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं काहीतरी निरवानिरव असेल. तुम्ही कानात म्हणालात, "अजून बी पटलं नाही ना तुमाला?" ते आपलं शेवटचं बोलणं.

परवा दुपारी झरीहून भागूबाई आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली तुमची विद्यार्थिनी. बाप शाळेत घालेना म्हणून तुम्ही माळावर जाऊन त्याच्याशी भांडला होतात, ती. आता तिलाच पणतू आहे. तुमच्या फोटोपुढे बसून ती आधी रडली, मग नाक पुसून बोलायला लागली.

"बाई आमाला शिवणाच्या तासाला एक खुनाची गोष्ट सांगायच्या. लय दिवस चालायची. इंग्रजाचं घर, भाईर बरफ, सात जनं. आमी पोरी सुई टोचून घ्यायचो ऐकता ऐकता. शेवटी ती डोराबाईच निघायची."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. "कोण निघायची?"

"डोराबाई की. रडायची न् कबूल व्हायची. मीच केलं म्हनायची, मला जायचं व्हतं, मला जाऊ देत न्हवते."

वन्सं, रडणं तुम्ही ओळखलं असेल. सतरंजीवर उभ्या होतात, कान तीक्ष्ण होते. पण कारण? इंग्रजीचं एक अक्षर तुम्हाला येत नव्हतं, आणि ते कारण मी जगात कुणालाच सांगितलेलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग जज म्हनायचा, हिला आधी जेवू घाला. संपली गोष्ट. आमी म्हनायचो, बाई, फाशी कवा? तर बाई म्हनायच्या, जेवू घातलेल्या मानसाला फाशी देत न्हाईत."

म्हणजे ते ताट तुम्ही माहीत असून जेवलात. आणि दादांनी ते माहीत असून वाढायला लावलं, असं तुम्ही तरी धरून चाललात. आणि मी समजत होते की सगळ्या घराचं गुपित माझ्या एकटीच्या जिभेखाली आहे! रोजच्या चहाला तुम्ही मला डिवचायचात ते मी अजून गप्प आहे ना, एवढं बघायला. मला तुमचा इतका राग आला की मी फोटोकडे बघेना. थोड्या वेळाने बघितलं.

भागूबाईने जवळ सरकून विचारलं, "आजी, तुमाला इंग्रजी येतं. तुमी सोता ऐकलंय. रेडिओत खरं काय झालं व्हतं ओ? डोराबाईनंच केला व्हता ना?"

विचारणारी समोर, उत्तर पाठ, आणि ऐकून ज्याचं काही बिघडेल असं कुणी उरलेलं नाही.

"नाही गं," मी म्हणाले. "डॉक्टर होता."

भागूबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि फोटोपुढेच हसू लागली. "बाई म्हनल्याच व्हत्या. कवा बी जाऊन इचारा, आमच्या वैनी डॉक्टरच सांगतील."

मी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दिवे लागले तरी ती गाडी-गाडी करत होती, मी ऐकलं नाही. आत जाऊन भाजीला फोडणी द्यायला मसाल्याचा डबा काढला, हिंगाची वाटी उघडली, आणि वन्सं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या बिचाऱ्या डॉक्टरची दया आली.